कळसूबाईचा बेत

मनोरच्या मुलाला डोंगराचे नवल नाही; आमचा अशेरीगड आम्ही लहानपणापासून चढतो. गेल्या ऑक्टोबरात आम्ही चौघा मित्रांनी कळसूबाईला जायचे ठरवले, तेव्हा मात्र अनोळखी डोंगराचा बेत आखणे म्हणजे काय ते कळले.

अशेरी सुमारे ५०० मीटर उंच, तर कळसूबाई १६४६ मीटर. हजार मीटर चढले की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. म्हणून ऑक्टोबरच्या उन्हातही पिशवीत स्वेटर हवा. पाणी माणशी तीन लिटर. वाडा, शहापूर, कसारा घाट, घोटी असे करत पायथ्याच्या बारी गावी मुक्काम.

तारीख ठरेना. हळवे भात दसऱ्याच्या सुमारास कापायचे, गरवे दिवाळीकडे. मधले तीनच दिवस मोकळे. घरी विचारायचा धीर होत नव्हता. शाळेची पायरी न चढलेल्या वडिलांनी माझा कागद वाचून दाखवायला सांगितले. ऐकून म्हणाले, "चढायचं सगळं लिहिलंस. उतरायला उजेड कुठं ठेवलास?"

मी गप्प झालो. ऑक्टोबरात सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि त्या वाटेवर लोखंडी शिड्या आहेत. चढायलाच तीन-चार तास लागतात. मग कागदावर सर्वांत वर लिहिले : पहाटे सहाला निघायचे, बारा वाजता असू तिथून मागे फिरायचे.

वडिलांनी जाऊ दिले. गरव्याच्या कापणीला मी शेतावर हजर होतो.