कापसाचा बोळा आणि सुटलेला पडदा

रात्री मोटारीच्या दिव्यात कुत्र्याचे डोळे चमकतात, ते डोळ्याच्या मागच्या भागातील परावर्तक थरामुळे. या थराच्या पुढे असते दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याचा पडदा. त्यातील प्रकाशग्राही पेशींना प्राणवायू आणि अन्न मुख्यतः मागच्या रक्तवाहिन्यांकडून मिळते. पडदा जागेवरून सुटला की या पेशींची उपासमार सुरू होते.

तो सुटतो कसा? भिंतीचा पोपडा आठवा. कधी मागून ओल येऊन तो फुगतो, तर कधी भेग पडून पुढून पाणी शिरते. डोळ्यातही हे दोन्ही प्रकार होतात. वयस्क मांजरांत रक्तदाब वाढला की पडद्यामागे द्रव पाझरतो. येथे शस्त्रक्रियेची गरज नसते. औषधाने रक्तदाब वेळीच उतरवला तर पडदा पुन्हा बसू शकतो. शिह त्झू जातीच्या कुत्र्यांत मात्र डोळ्यातला जेलीसारखा पदार्थ विरघळू लागतो, पडद्यावर ताण येतो आणि तो फाटतो. अशा वेळी फट बुजवावीच लागते. माणसांच्या बाबतीत हे तत्त्व स्वित्झर्लंडच्या ज्यूल गोनँ यांनी १९२० च्या दशकात सिद्ध केले. तोवर हा आजार असाध्यच मानला जाई.

शस्त्रक्रियेत प्राण्याला पूर्ण भूल देतात. बारीक उपकरणांनी जेली काढून टाकतात. मग पाण्यापेक्षा जड असा द्रव सोडून पडदा सपाट दाबतात आणि फटीभोवती लेसरचे डाग देऊन तो ‘टाचतात’. माणसाच्या डोळ्यात शेवटी बहुधा गॅसचा बुडबुडा सोडतात, आणि रुग्णाला काही दिवस डोके ठरावीक स्थितीत ठेवायला सांगतात. कुत्र्याला हे कसे सांगणार? म्हणून त्याच्या डोळ्यात सिलिकॉन तेल भरतात. त्याने जवळचे थोडे अस्पष्ट दिसते. पण कुत्र्याला कुठे वर्तमानपत्र वाचायचे असते!

खरी अडचण वेळेची आहे. एक डोळा गेला तरी प्राणी तक्रार करत नाही; दुसरा डोळा, वास आणि सवय यांवर तो निभावून नेतो. दुसराही डोळा गेला की मगच घरच्यांच्या लक्षात येते. तोवर पेशी मेल्या असतील, तर पडदा बसूनही दृष्टी येत नाही.

यावर एक सोपी चाचणी आहे. एकेक डोळा झाकून प्राण्यासमोर कापसाचा बोळा टाका. त्याचा आवाज होत नाही, वाराही लागत नाही. नजर बोळ्यामागे गेली नाही, तर पडदा सुटलाच असे सिद्ध होत नाही. पण त्याच दिवशी पशुवैद्याकडे जायला एवढे कारण पुरेसे आहे.