टँकरच्या मागची पाटी : धोकादायक माल वाहणाऱ्या चालकाची ओळख



'आपले मदतनीस' शिकवताना आपण फळ्यावर डॉक्टर, पोस्टमन, शेतकरी, पोलीस अशी यादी करतो. एकदा माझ्या वर्गातल्या एका मुलीने हात वर केला. म्हणाली, "सर, माझे पप्पा टँकर चालवतात. त्यांचं नाव लिहू?" मागून कुणीतरी हसलं, "म्हणजे ड्रायव्हर!" ती गप्प खाली बसली. मी फळ्यावर 'टँकरचालक' असं लिहिलं खरं, पण त्या कामाबद्दल सांगायला माझ्याकडे दोन वाक्यंसुद्धा नव्हती. त्या दिवसाची भरपाई म्हणून हा लेख.

जानेवारी २०२४ चा पहिला आठवडा आठवा. चालकांनी संप केला. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोतून टँकर बाहेर पडेनात आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. दोन दिवसांतच आपल्याला कळलं, की आपली शाळेची बस आणि घरचा गॅस कुणाच्या हातावर चालतो.

परवाना वेगळा, शिक्षण वेगळं

ट्रक चालवता येतो म्हणून कुणीही पेट्रोलचा टँकर चालवू शकत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये धोकादायक मालासाठी वेगळी कलमं आहेत. चालकाला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यायला हवी. शिवाय खास प्रशिक्षण घेऊन परवान्यावर तशी नोंद करून घ्यावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या परवान्याची मुदत तीन वर्षं आहे. ती संपली की नूतनीकरण.

वाचता येणं का सक्तीचं? कारण मालाची माहिती त्याला लेखी दिलेली असते आणि ती केबिनमध्ये ठेवावी लागते. माल कोणता, धोका कोणता, गळती झाली तर काय करायचं, आग लागली तर काय, अंगावर उडाला तर काय, हे सगळं त्यात असतं. अपघात झाला तर तो कागद वाचून पावलं उचलणारा पहिला माणूस चालकच.

पाटी काय सांगते?

टँकरच्या दोन्ही बाजूंना आणि मागे एक चौकटींची पाटी असते. त्यावर मालाचं नाव, चार आकडी क्रमांक, आपत्कालीन फोन नंबर आणि चौकोनी हिऱ्यासारखं चिन्ह असतं. हा चार आकडी क्रमांक जगभर एकच आहे. पेट्रोल १२०३, डिझेल १२०२, एलपीजी १०७५, क्लोरीन १०१७. चालकाची भाषा येत नसली, तो बेशुद्ध असला, तरी अग्निशमन दलाला आत काय आहे ते कळतं. चिन्हात लाल रंग आणि ज्वाला म्हणजे पेट घेणारा माल, कवटी म्हणजे विषारी, आणि हातावर पडणारे थेंब म्हणजे जाळणारं आम्ल किंवा तत्सम रसायन.

पाटीवर एक छोटा संकेतही असतो. पेट्रोलसाठी तो '३वायई' असतो. ३ म्हणजे आगीवर फेस वापरा. मधलं अक्षर जवानांनी काय घालावं आणि सांडलेलं द्रव कसं हाताळावं हे सांगतं. शेवटचं ई म्हणजे लोकांना दूर हलवण्याचा विचार करा. मुलं विचारतील, पाणी का नाही? पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं असतं, ते पाण्यावर तरंगत पुढे जातं आणि आगही सोबत नेतं.

द्रव ढकलतं

हे वर्गात करून दाखवा. एक बाटली पाण्याने पूर्ण भरा, दुसरी अर्धी. दोन्ही आडव्या ठेवून टेबलावर सरकवा आणि झटकन थांबवा. अर्ध्या बाटलीतलं पाणी पुढे आदळतं, मागे येतं, पुन्हा पुढे जातं. टँकरमध्ये हेच हजारो लिटरचं होतं. चालकाने ब्रेक दाबला तरी आतलं द्रव त्याला पुढे ढकलतं, वळणावर बाजूला ओढतं. म्हणून टाकीत कप्पे आणि आडव्या पडद्या असतात. म्हणून अर्धा भरलेला टँकर जास्त अवघड. आणि म्हणूनच घाटात तो हळू जातो. आपण मागून हॉर्न वाजवत असतो, पण त्याची ती सावधगिरी आपल्यासाठीच असते.

दुसरी काळजी ठिणगीची. द्रव नळीतून वाहताना स्थिर विद्युत तयार होते, आपण फुगा केसांवर घासतो तशीच. म्हणून माल भरताना-उतरवताना टँकरला आधी अर्थिंगची तार जोडतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत जाऊन लांबच्या विडीलाही गाठते.

घर आणि रस्ता

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास काम आणि मध्ये विश्रांती ठरवून दिली. लांबच्या फेऱ्यांवर मात्र हिशोब तासांचा नसतो, पोचण्याचा असतो. डेपोबाहेर रांगेत रात्र जाते. झोप केबिनमध्येच, आणि स्टोव्ह पेटवून चहा करायचीही सोय नाही. संपाचं कारणही समजून घ्या. नव्या न्याय संहितेत अपघातानंतर न कळवता पळून गेल्यास १० वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आली. जखमीला सोडून जाऊ नये हे खरंच. पण चालक म्हणत होते, थांबलो तर जमाव मारतो. दोन्ही गोष्टी मुलांसमोर ठेवा, चर्चा होऊ द्या.

टँकर उलटला तर

हा भाग कृपया वगळू नका. २५ जून २०१७ ला पाकिस्तानात बहावलपूरजवळ पेट्रोलचा टँकर उलटला. गावकरी डबे, बाटल्या घेऊन सांडलेलं पेट्रोल गोळा करायला धावले. आग लागली आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. आपल्याकडेही टँकर उलटला की लोक बादल्या घेऊन धावतातच. जून २०२३ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कुणे पुलावर टँकर पेटला, तेव्हा जळतं द्रव खालच्या रस्त्यावर पडून तिथल्या माणसांचाही बळी गेला.

मुलांकडून हे पाच नियम पाठ करून घ्या :

१. जवळ जायचं नाही, गोळा करायला तर मुळीच नाही.
२. वारा ज्या दिशेला वाहतो, त्या दिशेला थांबायचं नाही. खोलगट जागेतही नाही.
३. गाडी सुरू करायची नाही, काडी पेटवायची नाही. फोन लांब जाऊनच.
४. ११२ ला कळवायचं.
५. लांबून दिसत असेल तर पाटीवरचा चार आकडी क्रमांक सांगायचा.

पालकांनी पुढच्या प्रवासात मुलांना पाट्या वाचायला लावा. पुरेशा अंतरावरून, अर्थातच.

त्या मुलीच्या पप्पांना पुढे एकदा सुट्टीत शाळेत बोलावलं. त्यांनी केबिनमधला तो कागद आणला आणि मुलांना वाचून दाखवला. वर्ग एकदम शांत होता. शेवटी पूर्वी हसलेल्याच मुलाने विचारलं, "काका, तुम्हाला भीती नाही वाटत?" ते म्हणाले, "वाटते ना. म्हणून तर हळू चालवतो."