वादळात पडलेल्या फणसाचा बाक

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. नारळी-पोफळींसोबत आमच्या वाडीतला फणसही मुळांसकट आडवा झाला. सरपणाला घालवायचा जीव होईना, म्हणून गावातल्या सुतारकाकांना बोलावलं.

उभ्या झाडापेक्षा पडलेलं झाड कापणं जास्त धोक्याचं. खोड दोन्हीकडे टेकलेलं आणि मध्ये अधांतरी असलं, की वरून घातलेला काप मिटत जातो आणि करवत आत जखडते. म्हणून काकांनी वरून थोडंच कापलं, बाकीचं खालून. बुंध्याजवळ तर कोणाला फिरकूच दिलं नाही. खोडाचा भार सुटला की मुळांचा गड्डा एकदम परत खड्ड्यात बसतो, म्हणाले. चिकाने करवतीचं पातं दर थोड्या वेळाने चिकटायचं, मग त्याला खोबरेल.

ओंडका जमिनीपासून उचलून ठेवला आणि दोन्ही तोंडं शेणमातीने लिंपली. लाकूड म्हणजे आतून बारीक नळ्यांची मोळीच. तोंडाकडून ओल भराभर जाते आणि तिथूनच ते फाटतं. शिवाय लाकूड वर्तुळांच्या दिशेने जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडे आकसतं. त्यामुळे अख्खा गोल ओंडका सुकताना तडकणारच. पावसाळा सरल्यावर काकांनी तो बरोबर गाभ्यातून उभा चिरला. सपाट बाजू बसायला, गोल बाजू खाली.

साल ठेवली तर छान दिसेल, असं घरात एकाचं म्हणणं होतं. काकांनी वाकस घेतला आणि ती सगळी तासून काढली. सालीखाली किडा राहतो, आणि कडेचं पांढरं लाकूड तो आधी खातो. शहरातल्या दुकानांत ‘रस्टिक’ म्हणून सालीसकट चकचकीत पॉलिश केलेली टेबलं महाग विकतात, त्यांचं मला तेव्हापासून जरा कठीणच वाटतं.

खरी गंमत पायांत होती. त्याच वादळात छपरातून निखळलेले जुने सागवानी वासे पायांसाठी घेतले. ते कोरडे ठणठणीत, बाक अजून ओला. गिरमिटाने आरपार, किंचित तिरपी भोकं पाडली, पायांची टोकं तासून ठोकून बसवली. बाक सुकत जाईल तसा तो पायांना दोन्ही बाजूंनी आवळत जातो. खिळा नको, फेव्हिकॉल नको. वर आलेल्या टोकात चीर घेऊन पाचर मारली, तीही बाकाच्या रेषांना आडवी. रेषेच्या दिशेने मारली असती तर पाचरीने बाकच उकलला असता.

शेवटी जवसाचं तेल. तेलाच्या चिंध्या काकांनी बोळा न करता वळणीवर पसरून वाळत टाकल्या, कारण बोळा आपोआप तापून पेट घेऊ शकतो.

चिरलेलं लाकूड पिवळंजर्द होतं. गडद रंग मारू का, असं मी विचारलं.

“पैसे जास्त झालेत का भाऊ? उजेडात राहू दे, फणस आपसूक तांबूस होतो.”