रुग्णालय बांधणारा गव्हर्नर

सांतो दोमिंगो ही डोमिनिकन प्रजासत्ताकाची राजधानी. तिच्या जुन्या भागात अभ्याससहलीला येणाऱ्या विद्यार्थ्यांची वाट बहुधा ठरलेली असते: कोलंबसच्या पुतळ्याचा चौक, कॅथेड्रल, ओझामा नदीकाठचा किल्ला, शेवटी कोलंबसचा मुलगा दिएगो याचा वाडा. प्रत्येक थांब्यावर वहीत ‘पहिलं’ हा शब्द उतरतो. अमेरिकेतलं पहिलं कॅथेड्रल, पहिलं रुग्णालय, १५३८ चं पहिलं विद्यापीठ. १९९० मध्ये युनेस्कोनं या भागाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यामागेही हा पहिलेपणा आहेच. तो खोटा नाही. पण तो लिहून घेतला की इमारतीकडे पाहायचं काही कारण उरत नाही, आणि बेटावर आधीपासून राहणारे ताइनो लोक या मोजणीत कुठेच येत नाहीत. म्हणून अशा दिवसाची आखणी वेगळी हवी. थांबे कमी करावेत आणि प्रत्येक भिंतीला विचारावं: तू कशाची, कोणाच्या हातांनी उभी राहिलीस, आणि तुला जपायचं कोणी ठरवलं?

सान निकोलास दे बारी या रुग्णालयाचे अवशेष यासाठी सर्वांत उपयोगी आहेत. छप्पर गेलेलं, कमानी उघड्या, त्यामुळे बांधकामाचा गाभा सरळ दिसतो. विद्यार्थ्यांनी इथे निवांत बसून रेखाटन करावं आणि मग १५०३ हे एकच वर्ष समोर ठेवावं. १५०२ मध्ये शहर ओझामाच्या पश्चिम काठावर हलवणारा गव्हर्नर निकोलास दे ओवांदो यानंच १५०३ मध्ये रुग्णालयाचा पाया घातला. त्याच वर्षी बेटाच्या पश्चिमेकडच्या हारागुआत त्याच्या माणसांनी ताइनो सरदारांना घरात कोंडून जाळलं. तिथली राणी आनाकाओना हिला पुढे सांतो दोमिंगोत आणून फाशी दिली गेली. ताइनोंना सक्तीनं कामाला लावण्याची राजाज्ञाही १५०३ च्याच डिसेंबरची. आजाऱ्यांना आसरा देणारा आणि एका समाजाचं कंबरडं मोडणारा माणूस एकच होता, हे या भिंतींपाशी जितकं स्पष्ट होतं तितकं कोणत्याही माहितीफलकानं होत नाही. याच ओवांदोचा पुतळा आज दिएगोच्या वाड्यासमोरच्या चौकात आहे. कोलंबसच्या पुतळ्याच्या पायथ्याशी मात्र चबुतऱ्यावर चढून त्याचं नाव कोरणारी आनाकाओना दाखवली आहे. तो पुतळा १८८७ चा. हे दोन पुतळे एकाच सकाळी पाहिले, तर स्मारक घडवणाऱ्यांची इच्छाही वाचता येते.

दिएगोच्या वाड्यात सावध राहायला हवं. दगड जुना वाटतो, पण एकेकाळी हा वाडा पडझडीला आला होता. त्याचं आजचं रूप १९५० च्या दशकात, हुकूमशहा त्रुहियोच्या राजवटीत झालेल्या पुनर्बांधणीचं आहे. दालनांतलं सामान पाहून ‘असं राहत होते’ म्हणण्याआधी ते कोणी मांडलं, हे विचारावंच लागतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे या घराच्या वैभवाशी ऊस जोडलेला आहे. दिएगोच्याच मळ्यावर डिसेंबर १५२१ मध्ये गुलाम आफ्रिकनांनी उठाव केला आणि लगेच, जानेवारी १५२२ मध्ये, त्यांना जखडणारे कायदे निघाले.

आजच्या मूल्यांनी सोळावं शतक मोजू नये, असा आक्षेप येतो. तो गंभीर आहे, पण या शहरात टिकत नाही. ताइनो ही माणसं नाहीत काय, हा सवाल १५११ च्या डिसेंबरात आंतोनिओ दे मोंतेसिनोस या धर्मगुरूनं इथल्याच व्यासपीठावरून वसाहतकारांच्या तोंडावर विचारला होता, आणि पुढच्याच वर्षी स्पेनला बुर्गोसचे कायदे करावे लागले. त्या कायद्यांनी सक्तीचं काम थांबलं नाही, हेही सांगायला हवं. पण त्या काळाचा निवाडा करणारी माणसं त्या काळातच होती. दुसरा आक्षेप असा की, यानं विद्यार्थ्यांच्या मनातला शहराचा अभिमान जाईल. मला उलट वाटतं. मोंतेसिनोसही याच शहराचा आहे, आणि बेड्या तोडायला उठलेले ते आफ्रिकनही.

उरतो वेळेचा प्रश्न, आणि तो खरा आहे. उन्हात सगळं पाहून होत नाही. मग वाड्यातली दालनं आवरती घ्यावीत आणि दुपारी बस शहराबाहेर, बोका दे निगुआच्या साखर कारखान्याच्या अवशेषांकडे न्यावी. हा कारखाना अठराव्या शतकातला. १७९६ मध्ये इथेही गुलामांनी बंड केलं. आपल्याकडच्या गुऱ्हाळासारखंच इथेही रस काढणं आणि उकळणं शेजारीशेजारी चाले. कारण काढलेला रस थांबत नाही, लवकर उकळला नाही तर आंबतो. म्हणून हंगामात घाण्याला आणि चुलाणाला उसंत नसे, आणि त्यापाशी उभ्या माणसांनाही. मळ्याला लागूनच कारखाना का, रात्रीही काम का, पळून जाण्याची शिक्षा कायद्यात इतकी कडक का, हे अवशेषांमध्ये फिरत विद्यार्थी स्वतः जुळवू शकतात. ते जुळलं की सकाळच्या वाड्याचा खर्च कुठून निघत होता, हे कोणाला वेगळं सांगावं लागत नाही.