डॉक्टरांची फी आणि आपला संकोच

घरांत कोणी आजारी पडलें म्हणजे आपण डॉक्टरांस सर्व कांहीं सांगतों. शौचास किती वेळां झालें, रात्रीं झोप कां लागत नाहीं, सासूसुनांचें कशावरून बिनसलें, ह्यांतलें कांहींही सांगण्यास आपणांस लाज वाटत नाहीं. परंतु तपासणी आटोपल्यावर "किती द्यायचे?" एवढें विचारतांना मात्र जीभ अडखळते, आणि पलीकडे डॉक्टरही खिडकीबाहेर पाहूं लागतात. ह्या संकोचाची किंमत आमच्या घरानें मोजलेली आहे. म्हणूनच ह्या विषयावर चार ओळी लिहिण्याचें धाडस करीत आहें.

मी लहान असतांना, म्हणजे १९६५ ते १९७० च्या सुमारास, आमच्या कृष्णाकांठच्या गांवीं दवाखान्याची रीत निराळी होती. बाटली घरून न्यावयाची. कंपाउंडर मोठ्या बरणींतून लाल अगर पांढरें मिश्रण तींत ओती आणि बाहेरून खांचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवी. एक खांच म्हणजे एक वेळचें औषध. पैसे द्यावयाचे ते ह्या औषधाचे. तपासणीचे निराळे पैसे असतात ही कल्पनाच आम्हांस नव्हती. शेतकरी सुगीवर गूळ किंवा ज्वारी आणून टाकी, नोकरदार महिनाअखेर वहींतला आंकडा फेडी, आणि शिक्षक व भिक्षुक ह्यांच्याकडून आमचे डॉक्टर कांहींच घेत नसत. ह्या रीतीचें कौतुक आम्हीं म्हातारे नेहमीं करतों. पण तींत एक मोठी खोट होती. सल्ल्याचें मोल द्यावयाचें नाहीं, बाटलीचें तेवढें द्यावयाचें, ही संवय लोकांस जडली. आणि पुढें बाटली मागें पडून सुई आली तेव्हां तीच संवय सुईस चिकटली. ज्या पडशास विश्रांति व गरम पाणी पुरे, त्यासाठींही रोगी दंड पुढें करूं लागला. पडसें हें विषाणूंचें दुखणें, त्यावर प्रतिजैविकांचा कांहीं इलाज चालत नाहीं, असें समजावून सांगण्यांत पंधरा मिनिटें घालविणाऱ्या डॉक्टरास "ह्यानें कांहींच केलें नाहीं" म्हणून आपण नांवें ठेवतों, आणि दोन मिनिटांत सुई टोंचणाऱ्यास हंसतमुखानें पैसे देतों! डॉक्टरासही जागेचें भाडें असतें, हाताखालच्या माणसाचा पगार असतो, वापरलेल्या सुया व बोळे नेण्याचा आकार असतो. हे पैसे विचाराच्या नांवानें मिळत नसतील तर सुईच्या नांवानें घेण्याचा मोह त्यास होणारच.

आपल्या प्राचीन वैद्यकग्रंथांनीं ह्या प्रश्नाकडे डोळेझांक केलेली नाहीं. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत, रसायनाच्या प्रकरणाशेवटीं, पोटासाठीं चिकित्सेचा बाजार मांडणाऱ्या वैद्यास सोन्याची रास सोडून धुळीच्या राशीमागें लागणारा म्हटलें आहे. हें वचन व्याख्यानांतून पुष्कळदां ऐकूं येतें. पण त्याच ठिकाणीं दुसरेंही एक वचन आहे, तें रोगी मंडळी सोयीस्करपणें विसरतात. उपचार करून घेऊन जो वैद्याची फेड करीत नाहीं, मग त्यानें आधीं कबूल केलेलें असो वा नसो, त्याला निष्कृति नाहीं असें चरक म्हणतो. आणखी एक गंमत पाहा. रोग्याचे चार गुण सांगतांना चरकानें स्मरणशक्ति, आज्ञाधारकपणा, निर्भयता व आपलें दुखणें नीट सांगतां येणें एवढेच मोजले. मागाहूनच्या वाग्भटानें अष्टांगहृदयांत पहिलाच गुण घातला तो 'आढ्य', म्हणजे पैसेवाला! हें सांगितलें कीं वर्गांतलीं मुलें हंसत. मला मात्र वाग्भट प्रामाणिक वाटतो. औषध, पथ्य, शुश्रूषा हीं पैशावांचून पार पडत नाहींत हें त्यानें उघड बोलून दाखविलें.

आतां आमच्या घरची हकीकत. आमचे डॉक्टर माझेच विद्यार्थी. दवाखाना घातल्या दिवसापासून त्यांनीं माझ्याकडून एक रुपया घेतला नाहीं. प्रथम मला अभिमान वाटला. चारचौघांत मीं तो बोलूनही दाखविला. पुढें पुढें मात्र दवाखान्याची पायरी चढतांना पाय जड होऊं लागले. बाहेर बांकावर मजुरीच्या बाया पदराच्या गांठीला नोटा बांधून बसलेल्या असत. त्या पैसे देऊन जाणार, आणि मी निवृत्तिवेतन घेणारा मनुष्य फुकट जाणार! ह्यावर मीं एक युक्ति काढली, ती ही कीं, होईल तोंवर जावयाचेंच नाहीं.

२०२२ सालच्या पावसाळ्यांत आमच्या सौभाग्यवतीच्या पायाच्या करंगळीस नव्या चपलेनें फोड आला. तिला मधुमेह आहे. मधुमेहांत पायाची संवेदना मंदावते, रक्तपुरवठा उणावतो, आणि जखम दुखत नाहीं म्हणून ती किरकोळ आहे असें वाटतें. हें मला ठाऊक नव्हतें असें नाहीं. परंतु "मागच्या पंधरवड्यांतच तर गेलों होतों, पुन्हां काय त्रास द्यावयाचा?" असें म्हणून मीं हळद लावली. बारा दिवस गेले. तेराव्या दिवशीं बोट काळें पडलेलें दिसलें. शहरांतल्या रुग्णालयांत नेऊन करंगळी काढावी लागली, तेव्हां पाय वांचला. तेथें आगाऊ रक्कम भरल्यावांचून खाट मिळाली नाहीं, आणि शेवटीं हातीं आलेल्या बिलांतील हातमोजांचा हिशेब विचारतां विचारतां मी थकलों. पण तो राग गिळावा लागला. मूळ अपराध बारा दिवसांचा होता, आणि तो माझा होता.

घरीं आल्यावर डॉक्टर स्वतः पट्टी बदलण्यास आले. "सर, बारा दिवस कां थांबलांत?" त्यांनीं विचारलें. मी गप्प. आंतून सौभाग्यवती म्हणाली, "अरे, तूं पैसे घेत नाहींस ना, म्हणून!" त्यांच्या हातांतली पट्टी हातांतच राहिली.

येथें सरकारी योजनांविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, सत्तरी ओलांडलेल्यांस २०२४ पासून मिळूं लागलेलें आयुष्मान संरक्षण, आणि आपले बहुतेक खाजगी विमे, हे सर्व मुख्यत्वें रुग्णालयांत दाखल झालेल्यासाठीं आहेत. म्हणजे बोट कापण्यास योजना आहे, फोड दाखविण्यास नाहीं! राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून बाह्यरुग्णांचीही तपासणी निःशुल्क आहे, आणि २००८ सालीं सुरू झालेल्या जनऔषधि दुकानांतून मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या पुष्कळ स्वस्त मिळतात. आमच्या सौभाग्यवतीच्या गोळ्या आम्हीं आतां तेथूनच आणतों. पण ज्यास घरची प्रकृति ठाऊक आहे अशा शेजारच्या डॉक्टरांची फी आपल्याच खिशांतून द्यावी लागते, आणि ती द्यावी हेंच बरें.

पुढच्या आठवड्यांत आम्हीं दोघांनीं बसून ह्या गोष्टीचा निकाल लावला. भारतीय वैद्यक परिषदेनें २००२ सालीं केलेले आचारनियम त्यांनींच मला दाखविले. फी अगोदर सांगावी, उपचार सुरू झाल्यावर नव्हे. तिचा फलक दवाखान्यांत लावावा. 'गुण आला तरच पैसे' असा करार करूं नये. रोगी दुसरीकडे पाठविल्याबद्दल दलाली घेऊं वा देऊं नये, असें त्यांत स्वच्छ लिहिलें आहे. नियम चांगले आहेत. फलक मात्र मीं फार थोड्या ठिकाणीं पाहिला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या एका निकालाचीही गोष्ट निघाली. जो डॉक्टर कांहींकडून पैसे घेतो व कांहींस फुकट पाहतो, त्याच्याकडे फुकट आलेल्या रोग्यासही ग्राहक म्हणून दाद मागतां येते. फुकट पाहिलें म्हणून हयगय चालेल, असें कायद्यासही मान्य नाहीं.

फलकाचा मसुदा डॉक्टरांनीं केला आणि शुद्धलेखन तपासण्यास मजकडे दिला. तपासणी १५० रुपये, त्याच दुखण्यासाठीं सात दिवसांच्या आंत पुन्हां आल्यास कांहीं नाहीं, औषधाची किंमत निराळी, हें ठीक होतें. शेवटची ओळ होती, 'गरिबांस सवलत मिळेल.' ती मीं खोडली. त्या ओळीखालीं उभें राहून, दहा माणसांदेखत, "मी गरीब" असें म्हणावयाचें कोणीं? जी बाई तसें म्हणूं शकत नाहीं ती माझ्याप्रमाणेंच बारा दिवस घरीं बसेल. त्या जागीं 'अडचण असल्यास आंत डॉक्टरांस सांगावें' असें घातलें. आंत ठरेल तें आंतच राहतें. बाहेर पावती सर्वांस सारखीच मिळते, कोणी फोनवरून पैसे भरतो, कोणी पुढच्या महिन्यांत आणून देतो, आणि बांकावरल्यांस कोणाचें काय ठरलें तें कळत नाहीं.

माझ्याविषयीं बराच वाद झाला. अखेर पूर्ण फी घेण्याचें त्यांनीं मान्य केलें, मात्र दसऱ्याच्या दिवशीं घेणार नाहीं अशी अट घातली. दसऱ्यास दवाखाना बंद असतो, तेव्हां मींही ती मान्य केली.

गेल्या महिन्यांत सौभाग्यवतीस दुसऱ्या पायाच्या अंगठ्यापाशीं लालसर दिसलें. ती त्याच संध्याकाळीं एकटीच दवाखान्यांत गेली. डॉक्टरांनीं भिंग लावून पाहिलें, कांहीं नाहीं म्हणून सांगितलें, दीडशें रुपये घेतले व पावती दिली. घरीं येऊन तिनें ती पावती फडताळांतल्या डब्यांत ठेवली आणि म्हणाली, "आजचे पैसे फुकट गेले हो!" हें सांगतांना ती इतकी खुशींत होती कीं चहा तिनें न मागतां केला.