मानेत गाठ, हातात रिपोर्ट: थायरॉइडच्या कॅन्सरमध्ये पुढे काय काय होतं?

सोनोग्राफीचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येतो. त्यात ‘टायरॅड्स ४’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. डॉक्टरांची वेळ परवाची असते. मधल्या दोन रात्रींत माणूस गुगलवर जे वाचतो, त्यातलं बरंचसं त्याच्यासाठी नसतंच.

म्हणून आधी त्या आकड्याबद्दल. गाठ सोनोग्राफीत कशी दिसते यावरून तिला १ ते ५ अशी पायरी दिली जाते. हा संशयाचा अंदाज आहे, कॅन्सरची ‘स्टेज’ नव्हे. टायरॅड्स ४ म्हणजे चौथ्या स्टेजचा कॅन्सर, असा समज करून घेऊन रडणारी घरं पुष्कळ आहेत. थायरॉइडमधल्या दर १० गाठींपैकी ९ किंवा त्याहून जास्त साध्या निघतात.

दुसरा गैरसमज याच्या उलटा. ‘टीएसएच नॉर्मल आहे, म्हणजे काळजी नाही.’ थायरॉइडचा कॅन्सर असलेल्या बहुतेकांचा टीएसएच नॉर्मलच असतो. ती रक्ततपासणी ग्रंथी किती काम करते ते सांगते, गाठ कसली आहे ते नाही.

सुईची तपासणी

संशय असेल आणि गाठ पुरेशी मोठी असेल, तर एफएनएसी करतात. बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढतात. बहुतेकदा भूल लागत नाही, काही मिनिटांत काम होतं आणि त्याच दिवशी घरी जाता येतं. सुई टोचल्याने कॅन्सर पसरतो, ही भीती मनातून काढून टाका. तिच्यापायी तपासणी लांबवणं जास्त महाग पडतं.

रिपोर्टवर ‘बेथेस्डा’ आणि १ ते ६ मधला एक आकडा असतो. १ म्हणजे पेशी पुरेशा मिळाल्या नाहीत, तपासणी पुन्हा करावी लागेल. २ म्हणजे साधी गाठ. ५ म्हणजे दाट संशय, ६ म्हणजे कॅन्सर. खरा छळ ३ आणि ४ चा. सूक्ष्मदर्शकाखालीही ठरत नाही. मग तपासणी पुन्हा करणं, काही महिने लक्ष ठेवणं किंवा अर्धी ग्रंथी काढून बघणं, असे पर्याय उरतात. इथे दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्यात संकोच नको. तीच काचेची स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवता येते, ती मागून घ्या.

अर्धी काढायची की पूर्ण?

थायरॉइडच्या कॅन्सरमध्ये सर्वांत जास्त आढळतो तो पॅपिलरी प्रकार, आणि तो सहसा हळू वाढतो. गाठ लहान आणि एकाच बाजूला असेल तर अनेकदा अर्धी ग्रंथी काढून भागतं. मोठी गाठ, दोन्ही बाजूंना रोग किंवा मानेतल्या लसिकाग्रंथींत प्रसार असेल, तर पूर्ण काढतात.

ही शस्त्रक्रिया आज नेहमीची वाटते, पण तिला सुरक्षित करण्यात स्वित्झर्लंडच्या थिओडोर कोखर यांचं मोठं काम आहे. त्यांना १९०९ मध्ये नोबेल मिळालं. ग्रंथी पूर्ण काढलेले आपलेच रुग्ण पुढे सुस्त आणि मंद होत गेले, हेही त्यांनी १८८३ मध्ये प्रामाणिकपणे मांडलं. तेव्हा गोळी नव्हती. आज आहे.

सर्जनला दोन गोष्टी जरूर विचारा: तुम्ही अशा शस्त्रक्रिया वर्षाला किती करता, आणि माझ्या आवाजाला धोका किती? आवाजाची नस ग्रंथीला अगदी खेटून जाते. शिक्षक, गायक, दिवसभर बोलणारा दुकानदार यांनी आपलं काम आधीच सांगून ठेवावं.

घरी आल्यावर

घसा खवखवतो, तो श्वासनळीत घातलेल्या नळीमुळे. मान आखडते, कारण शस्त्रक्रियेत ती मागे ताणलेली असते. आवाज काही दिवस, कधी काही आठवडे बसलेला राहू शकतो.

ओठांभोवती किंवा बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या, तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून सोडून देऊ नका. थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या सहसा चार ग्रंथी असतात, त्या कॅल्शियम सांभाळतात. शस्त्रक्रियेत त्या दुखावल्या की कॅल्शियम उतरतं. डॉक्टरांना लगेच कळवा. आणि मान झपाट्याने सुजू लागली, श्वास जड झाला, तर फोन करत बसू नका, थेट इमर्जन्सीत जा.

व्रण मानेच्या घडीत असतो, वर्षभरात बराच फिका पडतो. तोवर ऊन टाळा. मंगळसूत्र किंवा चेन जखमेवर घासत असेल तर ती काही आठवडे काढून ठेवलेली बरी, घरात कोणी काहीही म्हणो.

गोळी आणि सकाळचा चहा

पूर्ण ग्रंथी काढली की थायरॉक्सिनची गोळी आयुष्यभर. उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने. आपल्याकडे गोळीचा खरा शत्रू हा पहिला चहाच. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तास लांब ठेवा, नाहीतर थायरॉक्सिन नीट शोषलं जात नाही. धण्याचं पाणी प्यायचं तर प्या, पण गोळीच्या जागी नव्हे.

रेडिओआयोडीन

ही केमोथेरपी नाही, आणि सगळ्यांना लागतही नाही. आयोडीन-१३१ कॅप्सूल किंवा द्रवाच्या रूपात घेतात. उरलेल्या थायरॉइडच्या पेशी आयोडीन ओढून घेतात आणि त्याच्याच किरणांनी मरतात. भारतात या उपचाराचं जुनं केंद्र मुंबईत परळला आहे, भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर, १९६३ पासूनचं.

त्याआधी एक-दोन आठवडे कमी आयोडीनचं जेवण घ्यावं लागतं. आयोडीनयुक्त मीठ, दूधदुभतं, मासे, अंड्याचा बलक बंद. त्याच मिठातलं लोणचं, पापड, फरसाणही बंद. शेंदेलोण चालतं, पण पाकिटावर ‘आयोडीनयुक्त’ लिहिलेलं नाही ना, ते बघा. अनेकांची थायरॉक्सिनची गोळीही तीन-चार आठवडे थांबवतात. हा काळ खरोखर वाईट जातो: झोप, थंडी, बद्धकोष्ठता, उगाच रडू. घरच्यांना आधी सांगून ठेवा, म्हणजे ‘आळस’ हा शब्द ऐकावा लागणार नाही.

मोठा डोस असेल तर काही दिवस वेगळ्या खोलीत राहावं लागतं. घरी आल्यावरही लहान मुलं आणि गरोदर बाई यांच्यापासून सांगितलेले दिवस अंतर ठेवा. गरोदरपणात हा उपचार देत नाहीत, अंगावर पाजणाऱ्या आईला पाजणं आधीच थांबवावं लागतं.

‘चांगला कॅन्सर’

भेटायला येणारे हमखास म्हणतात, ‘बरं झालं, हा चांगला कॅन्सर आहे.’ बरे होण्याचं प्रमाण उत्तम आहे, हे खरं. पण मान चिरलेल्या आणि रोज गोळी घेणाऱ्या माणसाला हे ऐकून आपलं दुःख बोलायचीही चोरी होते. त्यापेक्षा विचारा, ‘पुढच्या तपासणीला सोबत येऊ का?’ तपासण्या चालूच राहतात: टीएसएच, मानेची सोनोग्राफी आणि थायरोग्लोब्युलिन. हे शेवटचं रक्तातलं प्रथिन थायरॉइडच्या पेशीच बनवतात. त्यामुळे ग्रंथी पूर्ण काढलेल्या माणसात ते वाढत गेलं, तर डॉक्टर पुन्हा शोध घेतात. सगळे जुने रिपोर्ट तारखेनुसार एकाच फाइलमध्ये लावून ठेवा, कारण डॉक्टर आकडा वाढतोय का, हेच आधी बघतात.