बुलढाण्याचा उन्हाळा आणि हट्टी पिल्लू

पाणी : बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर-नांदुऱ्याच्या सखल मुलखात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जात असता, लघवीने फरशी ओली होईल या धास्तीने पॉमेरेनियनसारख्या लहान जातीच्या पिल्लाचे पाणी तोडणे सर्वथा अनुचित होय.

मुदत : वयाच्या दर महिन्यास सुमारे एक तास, एवढाच वेळ पिल्लू लघवी आवरू शकते, लहान जातीत, मूत्राशयच लहान असल्याने, त्याहूनही कमी.

शिरस्ता : झोपेतून उठताच, खाणे आटोपताच, किंवा जमीन हुंगत ते गिरक्या घेऊ लागताच त्यास अंगणातील एकाच मुक्रर जागी न्यावे व विधी उरकताक्षणी खाऊ देऊन गोंजारावे.

ताकीद : मारझोडीने घरात घाण करण्याचा हट्ट जात नाही, पिल्लू केवळ आडोशाला घाण करू लागते; डाग पुसताना अमोनियायुक्त द्रव वर्ज्य करावा, कारण त्याचा दर्प मूत्रासारखाच असतो.